काटेवाडीच्या शारदाबाई पवार : शेत, संसार आणि लोकल बोर्ड



सहकाराचा इतिहास शिकताना आपण पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची नावे आदराने घेतो. ती घेतलीच पाहिजेत. प्रवरेचा कारखाना उभा राहिला नसता तर आपल्या भागातल्या कारखान्यांच्या चिमण्याही दिसल्या नसत्या. पण या इतिहासात एक गोष्ट राहून जाते. ज्या उसावर हे कारखाने चालले, त्या उसात खुरपे घेऊन बसलेली, पाळीला पाणी धरणारी, घरच्या खर्चाचा आणि सोसायटीच्या हप्त्याचा मेळ घालणारी बाई कुठल्या पानावर आहे?

या पाठात अशाच एका बाईंची माहिती घेऊ. बारामतीहून इंदापूरच्या वाटेला लागले की साधारण दहा किलोमीटरवर काटेवाडी लागते. तिथल्या शारदाबाई गोविंदराव पवार. आज अनेकांना त्या शरद पवार यांच्या मातोश्री म्हणून ठाऊक आहेत. परंतु मुलगा राजकारणात यायच्या कितीतरी आधी त्यांचे स्वतःचे काम उभे होते. ते काम काय होते आणि आपण सभासदांनी त्यातून काय घ्यायचे, हा या पाठाचा विषय आहे.

१. पाण्याने बदललेला मुलूख

शारदाबाईंचे काम कळायला आधी हा मुलूख कसा होता ते पाहिले पाहिजे. बारामती आणि इंदापूर हे मूळचे अवर्षणाचे तालुके. पाऊस वीस इंचाच्या आतबाहेर, तोही भरवशाचा नाही. ज्वारी, बाजरी, मटकी आणि मेंढरे यांवर पोट. १८७६-७७ च्या दुष्काळाने हा भाग होरपळून निघाला. त्यानंतर नीरा डावा कालवा झाला आणि १८८० च्या दशकात भाटघरचे पाणी इकडे खेळू लागले. पुढे १९२८ साली भाटघरचे मोठे धरण पुरे झाले आणि पाण्याचा साठा वाढला.

पाणी आले, पण पाण्याबरोबर नवे हिशोबही आले. जिराईत शेतीत एका पावसावर पेरायचे आणि देवाच्या हवाली करायचे, असा व्यवहार होता. उसाचे तसे नाही. लागणीला बेणे पाहिजे, पेंड पाहिजे, पाळी चुकता कामा नये, आणि बारा ते अठरा महिने पैसा हाती येत नाही. कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत विश्वेश्वरय्या यांनी बसवली. मंजुरी, पाणीपट्टी, पाळीपत्रक हे शब्द गावच्या बोलीत आले. गूळ झाला तरी भाव अडत्याच्या हातात. म्हणजे बागायत करणाऱ्याला नुसते कष्ट पुरेनात. लिहिणे-वाचणे, हिशोब आणि चार लोकांची एकी या तीन गोष्टी लागू लागल्या.

याच गरजेतून आपल्याकडे सोसायट्या आणि खरेदी-विक्री संघ निघाले. शारदाबाईंचे पती गोविंदराव हे बारामतीच्या सहकारी खरेदी-विक्री संघात नोकरीला होते. शेतकऱ्याला रास्त दरात माल मिळावा आणि त्याच्या मालाला बरा भाव यावा, हे संघाचे काम. पुढे १९४० आणि १९५० च्या दशकांत बारामती भागात सहकारी साखर कारखाने उभे करण्याच्या खटपटीतही ते होते. घरचा कर्ता पुरुष सहकाराच्या कामात गुंतलेला. मग काटेवाडीचे शेत कोणी पाहायचे? ते शारदाबाईंनी पाहिले.

२. शिकलेली सून

शारदाबाईंचा जन्म १२ डिसेंबर १९११ चा. माहेर कोल्हापूरकडचे, भोसल्यांचे. त्यांचे शिक्षण पुण्याच्या सेवासदनमध्ये झाले. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली पुण्यात सुरू केलेली ही संस्था. बाईने शिकावे, स्वतःच्या पायावर उभे राहावे, आजारपण-शुश्रूषा, शिवण, शिकवणे अशा कामांत तरबेज व्हावे, हा तिचा हेतू होता.

त्या काळचा विचार करा. शेतकऱ्याच्या घरात मुलगी शाळेत घालणे म्हणजे तिचे हातचे काम बुडवणे, असे समजत. "शिकून काय कलेक्टर व्हायचंय?" हा प्रश्न तेव्हाचा, आणि खरे सांगायचे तर अजून काही घरांत ऐकू येतोच. अशा वेळी कोल्हापूरकडची एक मुलगी पुण्यात शिकते आणि लग्न होऊन काटेवाडीसारख्या खेड्यात नांदायला येते, ही गोष्ट साधी नव्हे.

दोन्ही घरांवर सत्यशोधक विचाराचा संस्कार होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि शेतकरी का नाडला जातो याचे मूळ अविद्येत आहे, हे परोपरीने सांगितले. कर्मकांड कमी, शिक्षण जास्त, आणि माणसामाणसांत भेद नाही, ही शिकवण. शारदाबाईंनी ती भाषणापुरती ठेवली नाही. घर, शेत आणि सार्वजनिक काम या तिन्ही ठिकाणी ती वागण्यात आणली.

३. शेत सांभाळणे म्हणजे काय?

"शेती सांभाळली" असे आपण एका वाक्यात म्हणून मोकळे होतो. बागायतदाराच्या घरी हे वाक्य केवढे मोठे आहे ते जरा मोजून पाहू.

उसाच्या रानात बेणे तोडणे, डोळे पाहून कांड्या निवडणे, लागण, नांग्या भरणे, पहिली-दुसरी खुरपणी, खांदणी-बांधणी, पाचट काढणे, ही कामे बहुतेक बायकांच्या हातची. पाळी रात्रीची आली तर दारे धरायला कोणीतरी बांधावर उभे राहायलाच हवे. शिवाय माणसांची न्याहारी, गोठा, धारा, शेण-खत, आणि बाजाराच्या दिवशी मीठ-मिरचीपासून कापडापर्यंतचा हिशोब. ऊस दीड वर्षाने पैसा देणार. तोवर घर चालते ते भाजीपाला, दूध, अंडी आणि चार पायली धान्य यांच्यावर. ही रोजच्या पैशाची बाजू बाईच सांभाळते. म्हणजे उसाला जो "थांबायला दम" लागतो, तो दम घरातली बाई पुरवते.

हे सारे कोणत्याही बागायतदारणीचे काम. शारदाबाईंकडे याच्यावर आणखी एक जबाबदारी होती, ती म्हणजे निर्णयाची. घरधनी संघाच्या कामावर बारामतीत. गडी केव्हा लावायचा, कुठल्या रानात काय घ्यायचे, पैसा आधी कुठे घालायचा, हे ठरवणारी बाई रानात हजर होती. पदरी पोरे, आणि तीही थोडीथोडकी नव्हेत. सात मुलगे आणि चार मुली, एकूण अकरा. तरीही शेत हे त्यांनी "धन्याचे" मानले नाही. आपल्या जबाबदारीचे मानले.

इथे एक भेद नीट लक्षात घ्यावा. कष्ट सगळ्याच बाया करतात. पण कष्टाबरोबर हिशोब आणि निर्णय हातात असला, तर तीच बाई मजूर न राहता शेतकरी होते. शारदाबाई या अर्थाने शेतकरी होत्या.

४. लोकल बोर्डातली खुर्ची

१९३७-३८ ते १९५२ या काळात शारदाबाई पुणे जिल्हा लोकल बोर्डावर तीन वेळा निवडून गेल्या. १९३८ साली त्या पहिल्यांदा बोर्डाच्या सभासद झाल्या.

नव्या पिढीला लोकल बोर्ड म्हणजे काय हे सांगायला हवे. आजच्या जिल्हा परिषदेच्या आधीची ती संस्था. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, तेव्हा लोकल बोर्डे संपली. जमीन महसुलावर बसवलेला लोकल फंड हा त्यांचा मुख्य आधार. म्हणजे शेतकऱ्याच्याच साऱ्यातून आलेला पैसा. त्यातून गावरस्ते, पिण्याच्या पाण्याच्या विहिरी, दवाखाने, धर्मशाळा, देवी टोचणे अशी कामे होत.

आता ही यादी पुन्हा एकदा वाचा. पिण्याची विहीर, दवाखाना, लस. यातले कोणते काम बाईच्या जिव्हाळ्याचे नाही? हंडा डोक्यावर बाईच्या, ताप आलेले पोर मांडीवर बाईच्या, आणि बाळंतपणात जीव टांगणीला तोही बाईचाच. तरी या कामांचा निर्णय करणाऱ्या सभेत बाई नसायची. त्या काळी मताचा हक्कही आजच्यासारखा सरसकट नव्हता. सारा, मालमत्ता अशा अटींवर तो मिळे. ज्यांच्या नावावर काही नाही त्यांना मत नाही, आणि बायकांच्या नावावर बहुधा काहीच नसे. अशा दिवसांत एका खेड्यातली, लहान लेकरांची आई त्या सभेत जाऊन बसते, हे धाडस आहे. जगाशी ताडून पाहायचे तर स्वित्झर्लंडसारख्या पुढारलेल्या देशात बायकांना देशपातळीवर मताचा हक्क १९७१ साली मिळाला.

१२ डिसेंबर १९४० रोजी, म्हणजे आईच्याच जन्मतारखेला, शरदराव जन्मले. बोर्डाची बैठक लागली होती. शारदाबाई जेमतेम काही दिवसांचे मूल बरोबर घेऊन पुण्याला बैठकीला गेल्या. आपल्या बाबतीतली ही गोष्ट शरदरावांनीच सांगितलेली आहे. आपल्यापैकी पुष्कळांना ती कौतुकाची वाटेल. पण त्यातला मुद्दा कौतुकाच्या पुढचा आहे. लोकांनी निवडून दिले म्हणजे हजर राहायचे, एवढे साधे कर्तव्य त्यांनी ओळखले होते. आपल्या वार्षिक सभेला "शेताचं काम निघालं" म्हणून न येणाऱ्या सभासदांनी हे मनावर घ्यावे.

राजकारणात त्या शेतकरी कामगार पक्षाच्या विचाराच्या होत्या. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्या पिढीचा तो पक्ष. कष्टकऱ्याच्या बाजूने बोलणे हा त्यांचा पिंडच होता.

५. संकट आणि चिकाटी

शारदाबाईंच्या आयुष्यात एक मोठा घाला आला. एका उधळलेल्या वळूने त्यांना जबर जखमी केले. पायाचे हाड मोडले. उपचार, शस्त्रक्रिया झाल्या, पण पाय पूर्ववत झाला नाही. पुढचे आयुष्य त्यांना कुबड्यांच्या आधाराने काढावे लागले.

शेतकऱ्याच्या घरात बाई अंथरुणाला खिळली की घराची घडी कशी विस्कटते, हे सांगायला नको. शारदाबाईंनी घडी विस्कटू दिली नाही. चालणे अवघड झाले, तरी घरावरचे आणि मुलांच्या शिक्षणावरचे लक्ष सुटले नाही.

६. मुले : एका घरातली अनेक मते

आपल्याकडे म्हणतात, शेत पाहावे बांधावरून आणि आई पाहावी लेकरांवरून. शारदाबाईंनी सातही मुलगे आणि चारही मुली शिकवल्या. मुलगी परक्याचे धन म्हणून तिची शाळा आधी तोडायची, हा हिशोब त्या घरात नव्हता. थोरले वसंतराव वकील झाले. सूर्यकांतराव वास्तुशिल्पी झाले. प्रतापराव अभियंता झाले आणि पुढे वृत्तपत्र व्यवसायात गेले. शरदराव १९७८ साली प्रथम मुख्यमंत्री झाले. मुलींपैकी सरोजताई शिक्षणाच्या क्षेत्रात गेल्या. शेतकरी कामगार पक्षाचे ज्येष्ठ नेते प्रा. एन. डी. पाटील हे त्यांचे यजमान होते.

दिनकरराव ऊर्फ अप्पासाहेब यांचे काम आपल्याला सर्वात जवळचे. बारामतीच्या जिराईत पट्ट्यात पाझर तलावांची कामे झाली, त्या कामातून १९७१ साली कृषी विकास प्रतिष्ठान उभे राहिले. अप्पासाहेबांनी त्या संस्थेत आयुष्य घातले. थेंबाथेंबाने पाणी देण्याची ठिबक पद्धत या भागात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. माळेगावजवळ या संस्थेचा जो परिसर आहे त्याला शारदानगर नाव आहे, आणि तिथल्या मुलींच्या कॉलेजाला शारदाबाई पवार महिला महाविद्यालय. गावोगावच्या शेतकऱ्यांच्या लेकी तिथे शिकतात. बाईच्या आठवणीला पुतळ्यापेक्षा हे स्मारक शोभते.

या घरातली १९६० सालची एक हकीकत अभ्यासमंडळात मुद्दाम सांगावी अशी आहे. केशवराव जेधे १९५९ साली वारले आणि बारामती लोकसभेची पोटनिवडणूक लागली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे ते दिवस. शेतकरी कामगार पक्षाकडून थोरले चिरंजीव वसंतराव उभे. काँग्रेसकडून केशवरावांचे चिरंजीव गुलाबराव जेधे. आणि घरातला धाकटा मुलगा, शरद, काँग्रेसचे काम करणारा! सख्ख्या भावाच्या विरुद्ध प्रचार करायचा कसा, हा पेच. आईची स्वतःची निष्ठा थोरल्याच्या पक्षाकडे. तरी तिने धाकट्याला अडवले नाही. तुला जे पटते त्याचे काम कर, अशी तिची भूमिका राहिली. वसंतराव हरले. घर मोडले नाही.

सहकाराला याहून मोठा धडा कोणता? आपल्याकडे कारखान्याच्या निवडणुकीत भाऊ-भाऊ पॅनेलवरून बोलेनासे होतात, बांधाला बांध लागून असताना पाळीचे पाणी अडवतात. मत वेगळे असले म्हणजे माणूस वैरी होत नाही, हे त्या घरात आईने शिकवले.

७. आपल्यासाठी काय?

कोणी म्हणेल, शारदाबाई शिकलेल्या होत्या, नवरा सुधारकी विचाराचा होता, म्हणून त्यांना जमले. खरे आहे. आणि तेच तर ध्यानात घ्यायचे. शिक्षण मिळाले, घरच्यांनी वाट मोकळी ठेवली आणि सभेत जागा मिळाली, तर शेतातली बाई काय करू शकते, याचे हे उदाहरण आहे. ज्यांना या तीन गोष्टी मिळाल्या नाहीत त्या बाया कमी होत्या असे नव्हे. त्यांना त्या आपण दिल्या नाहीत.

कायद्याने पुष्कळ वाट मोकळी केली आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचे मोठे महिला अधिवेशन झाले. त्यानंतर शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला आणि बायकोच्या नावे जमीन करून देणारे शेतकरी गावोगाव पुढे आले. पुढे १९९२ साली सरकारनेही नवऱ्याच्या हयातीत बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय केली. १९९४ साली महाराष्ट्राने महिला धोरण आणले, आणि त्याच वर्षी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती राज्यात लागू झाली. त्या वेळी मुख्यमंत्री शारदाबाईंचेच चिरंजीव होते. देशभर हा हक्क २००५ साली आला. स्थानिक संस्थांत १९९० साली तीस टक्के, पुढे एक तृतीयांश आणि २०११ साली निम्म्या जागा बायकांना राखीव झाल्या. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळातही राज्याच्या कायद्याने महिलांना दोन जागा ठेवल्या आहेत.

पण कायदा दारापर्यंत येतो, उंबरा आपल्याला ओलांडावा लागतो. बाप गेला की तलाठ्याकडे वारसाला सगळ्यांची नावे लागतात, आणि वर्षाच्या आत बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. "सही केली नाही तर माहेर तुटेल," ही भीती तिच्या मनात असते. साडी-चोळीवर एकरांचा व्यवहार होतो. राखीव जागेवर बाई निवडून येते, पण सभेत तिच्या वतीने बोलतो तिचा नवरा. उसाची नोंद, शेअर, बिलाचे खाते, सगळे पुरुषाच्या नावे. आणि तो अचानक गेला म्हणजे तीच बाई कागद घेऊन गट ऑफिस, बँक आणि तलाठी असे हेलपाटे घालते. दीड वर्ष रानात राबलेल्या बाईला आपल्याच उसाचे बिल मागायला "वारस कोण?" याचे उत्तर द्यावे लागते, ही आपणा सर्वांना लाज आणणारी गोष्ट आहे.

म्हणून सभासदांनी करण्यासारखी चार कामे अशी :

(अ) आपल्या शेअरच्या नामनिर्देशनात कोणाचे नाव आहे ते आजच पाहावे. नसेल तर कारखान्याच्या शेअर विभागात अर्ज द्यावा. बायकोला विचारून आणि तिला माहीत करून द्यावा.

(आ) सातबाऱ्यावर पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याबाबत तलाठ्याकडे चौकशी करावी.

(इ) ऊस नोंद, तोडणीची तारीख, उचल, कपात आणि बिल यांचे कागद घरातल्या बाईला दाखवावेत. तिला कळत नाही असे म्हणू नये. दुधाचे आणि बचत गटाचे पैसे तिला पैशापर्यंत कळतात.

(ई) बहिणीकडून हक्कसोड घेण्याआधी तिच्यासमोर बसून, तिचा हक्क काय आहे हे तिला मोकळेपणाने सांगावे. मग ती जे ठरवील ते मान्य करावे.

अभ्यासमंडळासाठी प्रश्न

१. कालव्याचे पाणी आल्यावर शेतकऱ्याला हिशोब आणि एकी यांची गरज का वाढली?

२. लोकल बोर्डाच्या कामांपैकी कोणती कामे बायकांच्या रोजच्या जगण्याशी निगडित होती? आज ती कामे कोणाकडे आहेत?

३. कष्ट करणारी बाई आणि शेतकरी बाई यांत या पाठात कोणता भेद केला आहे? तुम्हाला तो पटतो का?

४. १९६० च्या पोटनिवडणुकीत एका घरात दोन पक्ष होते. तुमच्या गावात असे झाले तर काय होईल, आणि काय व्हायला हवे?

५. तुमच्या घरात उसाची लागण कोणत्या तारखेची, किती क्षेत्र, उचल किती आली, हे घरातल्या बाईला विचारा. नंतर घरातल्या पुरुषाला विचारा. दोन्ही उत्तरे वहीत शेजारी-शेजारी लिहा आणि पुढच्या बैठकीला वाचून दाखवा. बैठकीला दोघांनी मिळून यावे.